बानशेठनी बंद केलेली एक ओळ

वोंजू शहरातल्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत माझी लाँड्री, आणि तिला लागून बानशेठचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मधली भिंत नावाचीच. प्लायवूडचा तक्ताच तो; मी इस्त्री जरा जोरात ठेवली की पलीकडे त्यांच्या टेबलावरचे स्क्रू उड्या मारायचे. पूर्ण नाव बान दोक-सू. दुकान आहे म्हणून लोक शेठ म्हणायचे, बाकी अंगावर शेठपणाचं एक लक्षण नाही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, दुपारी माझ्याकडच्या स्टुलावर बसून वाफाळत्या सूपात भात कालवून खायचे आणि वाडगं स्वतः विसळून ठेवायचे. अशी एकोणीस वर्षं गेली.

त्यांची ख्याती एकाच कामाची होती. बंद पडलेलं मशीन कुणीही उघडतो. बानशेठ मंदावलेलं मशीन हलकं करून द्यायचे. आमच्याकडे तेव्हा घराघरात एकच रड होती. बँकेचं काम करायचं तर बँक म्हणणार, आधी आमचा पहारेकरी प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरात घ्या. सरकारी दाखला हवा, तर त्यांचा पहारेकरी निराळा. विम्याचा निराळा, शाळेचा निराळा. काम उरकून माणूस विसरून जाई, पण पहारेकरी काही घर सोडत नसत. सकाळी मशीन चालू केलं की सगळे एकदम उठून बसायचे, आणि ज्याचं घर त्याला पाय ठेवायला जागा नाही.

एकदा तांदळाच्या वड्या विकणारी मू बाई मशीन पाठुंगळी बांधून घेऊन आली.

"बानशेठ, हे म्हातारं झालं. चालू करते, भात शिजतो, मी जेवते, तरी हे आपलं उठतंय. नवीन घ्यावं म्हणते."

"बाई, तुम्ही किती वर्षांच्या?"

"माझं वय काढता का?"

"नाही, हे मशीन चार वर्षांचं आहे म्हणून विचारलं. ह्याला म्हातारं म्हणालात तर आपण दोघं स्मशानातच गेलो." मग त्यांनी मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला. "ही बघा सुरुवातीची यादी. मशीन उठल्याबरोबर जे जे आपणहून उठतात त्यांची नावं. छत्तीस. आणि मेमरी म्हणजे तुमचं बैठं जेवणाचं टेबल समजा. त्याच्यावर छत्तीस पाहुणे आधीच कोपर टेकून बसलेत. तुम्ही तुमचं ताट कुठे मांडणार?"

"मेले कोण हे एवढे? मी कुणाला बोलावलं नव्हतं!"

"बोलावलं होतंत. प्रत्येक वेळी 'हो' दाबलंत तुम्ही."

त्यांची एक पद्धत होती. कागद घ्यायचा, पेन्सिलीनं यादीतली ओळ न् ओळ उतरवायची, एकेक विचारायचं: हे लागतं का, हे कशाला घेतलं होतं, ही बँक अजून आहे का तुमची. नको ते बंद करायचं. काढून नाही टाकायचं, फक्त सकाळी आपणहून उठायला मनाई. आणि मग गिऱ्हाइकासमोर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं. एकदा नाही, दोनदा. "पहिल्यांदा उठतं ते माझ्या धाकानं," असं म्हणायचे. "दुसऱ्यांदा उठलं तर खरं."

मी हे सगळं जवळून पाहिलेलं, म्हणूनच ओक-बुनला त्यांचं नाव मी सुचवलं. हे मला कधी विसरता आलेलं नाही.

ओक-बुन साठीची बाई, अपंग लोकांच्या घरी मदतनीस म्हणून जायची. दर आठवड्याला ती एका घरच्या चादरींचं गाठोडं माझ्याकडे आणायची. मेंग इन-जे नावाच्या माणसाच्या चादरी. सदतीस वर्षांचा, शिकवणीच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचा. पंचविशीत बर्फावरून मोटारसायकल घसरली आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं. डोकं, डोळे, जीभ एवढं शाबूत. पलंगावर आडवा, तोंडावर लोखंडी हाताला टांगलेला पडदा, पडद्यावर एक छोटा कॅमेरा. मान जरा हलवली की पडद्यावरचा बाण हलायचा, एका जागी थांबवला की बटण दाबलं जायचं. असा एकेक अक्षर टिपत तो पुस्तकं तपासायचा. निरोप तसेच पाठवायचा, दिवा तसाच लावायचा, आणि मदत हवी असली तर तीही तशीच मागायचा. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत कुणीतरी जवळ असे. सहानंतर सकाळपर्यंत एकटा. सहाय्य केंद्राकडून मंजूर झालेले तास तेवढेच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ओक-बुन गाठोडं टाकून म्हणाली, "अहो ह्ये-रिनच्या आई, तो कॉम्प्युटरवाला माणूस भरवशाचा आहे का हो? आमच्या साहेबांचा बाण अडखळायला लागलाय. मान एकीकडे, बाण दुसरीकडे. चिडचिड होते त्यांची, मग माझ्यावर काढतात. काल म्हणे, मावशी, तुमच्या सूपापेक्षा हे मशीन पातळ झालंय."

"भरवशाचा म्हणजे?" मी म्हटलं. "ह्या गल्लीत त्यांच्याइतका सरळ माणूस नाही." आणि प्लायवूडवर थाप मारून हाक दिली, "बानशेठ! गिऱ्हाईक!"

त्या दुपारी इन-जेच्या घरी काय झालं ते मला नंतर तिघांकडून वेगवेगळं कळलं. बानशेठकडून सगळ्यात कमी.

इमारतीचं अर्धं जमिनीखाली गेलेलं तळघर, तिथलं घर. बानशेठ पोचले तेव्हा मशीनवर काहीही उघडलेलं नसताना मेमरी नव्वद टक्के भरलेली. सुरुवातीच्या यादीत सत्तेचाळीस नावं. बानशेठ पेन्सिल काढून पलंगाशेजारी बसले आणि एकेक विचारू लागले. इन-जेला मजा वाटली. बारा वर्षांत त्याच्या घरी येऊन कुणी त्याला इतके प्रश्न विचारले नव्हते, आणि तेही त्याच्याकडे बघून, ओक-बुनकडे बघून नव्हे.

"हे काय आहे? कोळंबीसारखं चित्र?"

"ते बहिणीनं घातलं होतं, काका. फोटो सजवायचं. ती तिकडे बुसानला, मी इकडे. मी कुणाचे फोटो सजवणार?"

"काढू?"

"काढा. आणि ते दोन नंबरचं विमा कंपनीचंही काढा. त्यांनी मला विमा नाकारलाय, पहारेकरी मात्र ठेवून गेलेत."

दोघं हसत होते, असं ओक-बुन सांगते. ती तेव्हा मुळ्याच्या फोडी करत होती.

यादीच्या शेवटी एक ओळ होती. काही परकी अक्षरं, चार आकडे, आणि कंपनीच्या नावाची जागा कोरी. बानशेठनी विचारलं, "हे कुणाचं?" इन-जेनं पाहिलं, त्याला आठवेना. बाणाचा प्रोग्राम तर वर वेगळ्या नावानं स्वच्छ दिसत होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. बिननावाचं, बिनकंपनीचं काहीतरी मशीनमध्ये असणं म्हणजे दहापैकी नऊ वेळा कचरा. बानशेठनी ती ओळ बंद केली.

ती ओळ म्हणजे कॅमेऱ्याला जागं करून बाणाच्या हवाली करणारा छोटासा तुकडा होता. विद्यापीठातल्या एका मुलीनं आठ वर्षांपूर्वी इन-जेसाठी म्हणून फुकट लिहून दिलेला. तिची कंपनी कुठून असणार? तो तुकडा सकाळी एकदा उठायचा, आपलं काम करायचा आणि झोपून जायचा. त्यामुळे त्याला मनाई केली तरी त्या घडीला काहीच बिघडलं नाही. बाण चालतच होता. उलट बाकीचे तीसएक पाहुणे उठवून लावल्यावर तो असा सरसर धावायला लागला की इन-जेनं पडद्यावर उगाच चार गोल फिरवून पाहिले.

आता बंद करून दोनदा चालू करायचं राहिलं होतं. बानशेठचा हात बटणाकडे गेला.

"काका, आत्ता नको," इन-जे म्हणाला. "सहाला पानं पाठवायचीत, सहावीचं विज्ञान. अकरा पानं उरलीत. हे उठायलाच पंधरा मिनिटं घेतं."

"आता नाही घेणार तेवढी."

"तरी नको ना. सोमवारी तुम्ही येणारच आहात मेमरीची पट्टी बसवायला, तेव्हा बंद करावंच लागेल. तेव्हा दोनदा करा, पाचदा करा."

बानशेठनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "बरं." आणि जोडे घातले.

शनिवार सुरळीत गेला. मशीन चालूच होतं. ओक-बुननं संध्याकाळी इन-जेला कुशीवर वळवलं, पडदा त्याच्या तोंडासमोर ओढला, तोंडाजवळ नळीची पाण्याची बाटली लावली आणि सहाला निघाली. रविवारी पहाटे मशीननं आपल्या मनानं अपडेट घेतलं आणि स्वतःला बंद करून पुन्हा चालू केलं. पासवर्ड नव्हताच; तो टाकणार कोण? पडदा उजळला, निळं आकाश आलं, मधोमध बाण आला, आणि तिथेच थांबला.

इन-जेनं मान हलवली. बाण हलला नाही.

रविवारी नऊला दुसरी मदतनीस यायची असे. ती बाई बस थांब्यावर बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. इस्पितळाच्या रांगेतून तिनं दुसऱ्या हातानं निरोप टाकला: आज येता येत नाही, केंद्राला सांगून दुसरं कुणी मागवून घ्या. नेहमी तो तसंच करायचा. निरोप पडद्याच्या कोपऱ्यात आला. इन-जेनं वाचला. थोड्या वेळानं दुसरा आला, वाचलंत ना? तोही त्यानं वाचला. मग त्या बाईला आत नेलं, प्लॅस्टर घातलं, औषधाची गुंगी आली. तिला वाटलं, झालं असेल.

तो ओरडला. वरचं घर रिकामं होतं. तळघराची खिडकी गाड्या लावायच्या जागेत उघडायची, आणि रविवारी तिथे कुणी येत नसे. पाणी रविवारी सकाळीच संपलं. लघवीची पिशवी भरली. शनिवारी संध्याकाळी ज्या कुशीवर ओक-बुननं ठेवलं त्याच कुशीवर तो सोमवारी सकाळी नऊपर्यंत राहिला. एकोणचाळीस तास. आणि तो सगळा वेळ पडदा त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर उजळलेला होता, कारण तो विझवायलाही बाणच लागायचा.

सोमवारी साडेदहाला बानशेठ मेमरीची पट्टी खिशात घालून गेले तेव्हा दारात रुग्णवाहिका होती. ओक-बुन पायरीवर बसून स्वतःच्या मांड्या बडवत होती. बानशेठ आत गेले. पलंग रिकामा होता, पडदा चालू होता. त्यांनी उभ्या उभ्या यादी उघडली आणि ती शेवटची, कोरी ओळ पुन्हा सुरू केली. कॅमेऱ्याचा दिवा लागला. बाण हलला. बानशेठचा चेहरा पडद्यासमोर होता, म्हणून बाण त्यांच्या चेहऱ्यामागे फिरायला लागला. ते डावीकडे झाले की डावीकडे, मान खाली गेली की खाली.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. नंतर एवढं सलग ते कधीच बोलले नाहीत.

इन-जे वाचला, म्हणजे त्या दिवशी वाचला. मूत्रपिंडात विष चढलं होतं, आणि एकाच कुशीवर पडून राहिल्यानं कमरेच्या हाडावर मोठी जखम झाली होती. अशा माणसाची ती जखम बाहेरून जेवढी दिसते त्याच्या चौपट आत असते, असं डॉक्टर म्हणाले.

बानशेठ तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत गेले. मी सोबत गेले, कारण त्यांची चाल मला बरी दिसत नव्हती. तिथला तरुण हवालदार भला होता. त्यानं कागदी पेल्यात कॉफी दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका, म्हणजे तुम्ही कुणाला मारलंत?"

"नाही. एक ओळ बंद केली."

"कसली ओळ?"

बानशेठनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हवालदारानं पेन खाली ठेवलं. "काका, हे बघा. मदतनीस आली नाही, तो केंद्राचा प्रश्न. रस्त्यावर बर्फ होता, तो देवाचा प्रश्न. तुम्ही कॉम्प्युटर नीट केलात. ह्यात मी तुमच्या नावावर काय लिहू?"

"जे झालं ते लिहा."

"असं कलम नाही हो. घरी जा, काहीतरी गरम खा. वहिनी, घेऊन जा ह्यांना."

मग ते केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं की आमच्या नियमाप्रमाणे निरोप पाठवला गेला होता, आणि निरोप पोचला होता. ते दुसऱ्या मदतनिसाकडे गेले. ती प्लॅस्टरचा हात छातीशी धरून रडायला लागली, तर ह्यांनाच तिची समजूत घालावी लागली. शेवटी इन-जेची बहीण बुसानहून आली होती, इन-सुक, तिच्यासमोर इस्पितळाच्या बोळात त्यांनी गुडघे टेकले. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

 "उठा," इन-सुक म्हणाली. "तुम्ही असे बसलात की मला तुम्हाला उठवावं लागतं. मी चार रात्री झोपले नाहीये. तेवढी ताकद नाही माझ्यात."

ते उठले. तेव्हापासून त्यांनी कुणाकडे माफी मागितली नाही.

फेब्रुवारीभर दुकान अर्धवेळ बंद. ते काय करतात म्हणून मी डोकावले, तर एक जुना लॅपटॉप घेऊन बसलेले. त्यातलं सगळं पुसून टाकलं होतं. सुरुवातीच्या यादीत फक्त दोन नावं, बाण आणि ती कोरी ओळ. मेमरीचा पाचवा हिस्साही भरलेला नाही. त्यांनी तो माझ्यासमोर बंद करून चालू केला. मग पुन्हा. मग पुन्हा. मी कपड्यांचा ढीग इस्त्री करून झाल्यावर परत आले, तरी तेच चाललेलं. कागदावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा. दोनशेच्या वर होत्या.

"बानशेठ, उठतंय ना ते? पुरे आता."

"उठतंय," ते म्हणाले, आणि बंद केलं.

लॅपटॉप घेऊन आम्ही इस्पितळात गेलो. पण इन-जेच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, आणि कॅमेऱ्याला त्याचा चेहरा चेहरा वाटेना. बानशेठ रोज जायचे, लॅपटॉप मांडायचे, परत आणायचे. मार्चमध्ये एक दुपार अशी आली की दोन तास मुखवटा काढला. मी नेमकी धुतलेल्या चादरी घेऊन गेले होते. बाण हलायला लागला. बोलायला आवाज उरला नव्हता, म्हणून इन-जेनं एकेक अक्षर टिपलं. आम्ही दोघं वाकून वाचत होतो, काय लिहितोय म्हणून.

"उशी उलटी करा. गरम झालीये."

मी उलटी केली. मग त्यानं भिंतीवरच्या परिचारिकांच्या सूचनेकडे बघून लिहिलं, "तिसऱ्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे." आणि बानशेठ औषध आणायला खाली गेले तेव्हा माझ्याकडे बघून, मोठ्या कष्टानं, "काकांना सांगा, बंद करू नका असं मीच म्हणालो होतो."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"आवाज होता तेव्हाच सांगितलं. ऐकत नाहीत. म्हणतात, गिऱ्हाईक म्हणणारच. कारागिरानं ऐकायचं नसतं."

तोपर्यंत मला हे ठाऊकच नव्हतं. चौकीत, केंद्रात, बोळात, कुठेच बानशेठनी ही गोष्ट तोंडातून काढली नव्हती. त्या संध्याकाळी बसमध्ये मी त्यांच्यावर भडकले. "एवढं एक वाक्य तुमच्या बाजूचं होतं, आणि ते गिळून बसलात?"  मग मला आठवलं की प्लायवूडवर थाप मारून हाक मी दिली होती, आणि ते मीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इन-जे गेला. जखमेचं विष रक्तात उतरलं. अंत्यविधीला फार माणसं नव्हती. पुस्तकवाल्यांकडून कुणी आलं नाही. त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं, फक्त त्याच्या खुणा पाहिल्या होत्या. ओक-बुन एका कोपऱ्यात तिखट सूप वाढत होती आणि वाढता वाढता म्हणत होती, "साहेबांना हे पातळ वाटलं असतं."

त्यानंतर बानशेठनी दुकान उघडलं, पण काम त्यांच्या हातून होईना. लोकांच्या घरी जायचे, यादी उतरवायचे, आणि एकही ओळ बंद करायचे नाहीत. प्रत्येक नावासाठी फोन लावायचे: हे नेमकं काय करतं, हे बंद केलं तर कोणाचं काय थांबेल? पलीकडून कुणी धड उत्तर देत नसे. तीन-तीन तास असे जायचे, आणि मशीन जसंच्या तसं मंद.

मू बाईचं मशीन पुन्हा भरलं तेव्हा ती माझ्या दुकानात येऊन वैतागली. "अहो, हा माणूस मला विचारतो, ह्या प्रोग्रामवर कुणाचा जीव तर अवलंबून नाही ना! मी वड्या विकते! माझ्या मशीनवर कुणाचा जीव असणार?"

पलीकडे ऐकू जात होतं. प्लायवूडच ते.

गिऱ्हाईक तुटलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुकान सोडलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, आम्हा कुणाला न सांगता, मदतनिसाचं शिक्षण घेतलं. माणसाला पलंगावरून कसं उचलायचं, दर दोन तासांनी कसं वळवायचं. परीक्षेत चांगले उतरले. दुसऱ्या एका केंद्रानं त्यांना काम दिलं, एका तरुण मुलाकडे, ज्याचे हातपाय आखडलेले होते. पहिल्या दिवशी सहा वाजले आणि बानशेठ निघाले नाहीत. मुलाला वाटलं, बस चुकली असेल. दुसऱ्या दिवशीही निघाले नाहीत. स्वयंपाकघराच्या जमिनीवर भिंतीला टेकून सकाळपर्यंत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मुलानं त्यांना सरळच सांगितलं, "काका, मला रात्री एकटं राहायचं असतं. तेवढीच माझी वेळ असते. तुम्ही असलात की मला झोप लागत नाही." त्यांनी जोडे घातले, दाराबाहेर गेले, आणि जिन्यात बसले. सकाळी शेजाऱ्यांनी तक्रार केली. केंद्रानं त्यांना बोलावून समजावलं, मग काढून टाकलं. ते बरोबरच होतं. मुलगाही बरोबर होता.

आता ते हेंगसंगजवळच्या खेड्यात थोरल्या भावाकडे असतात. मागच्या शरद ऋतूत मी एकदा जाऊन आले. भावाच्या बटाट्यांच्या वावरात काम करतात. वाळले आहेत, दात दोन गेलेत. घरात कॉम्प्युटर नाही. भावजय म्हणाली, पुतण्यानं आणला होता एकदा, पण हे त्या खोलीत पाऊलच टाकत नव्हते, मग परत नेला.

आम्ही ओट्यावर बसलो. तिनं उकडलेले बटाटे आणि मीठ आणून ठेवलं. मी गल्लीतल्या बातम्या सांगितल्या: मू बाईचा गुडघा, माझ्या ह्ये-रिनचं लग्न, त्यांच्या दुकानाच्या जागी आलेलं नखं रंगवायचं दुकान. ते ऐकत होते. मग मला राहवलं नाही.

"बानशेठ, बारा वर्षं झाली. चौकीवाला म्हणाला तुमचा दोष नाही. डॉक्टर म्हणाले. तो स्वतः म्हणाला. अजून कुणी सांगायला हवं तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. "सगळ्यांनी सांगून झालंय."

"मग?"

त्यांनी बटाट्याचं साल काढलं. नखांत माती होती, त्यामुळे साल नीट निघत नव्हतं. "सोलून देऊ?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि बटाटा सालासकट खाल्ला.

पाचची बस होती. थांब्यापर्यंत ते सोबत आले, माझ्या पिशवीत जबरदस्तीनं बटाटे भरले. मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना काही आणू का. म्हणाले, नको, एवढ्या लांब कशाला येता, ह्ये-रिनच्या आई, तुमचेही गुडघे आता ते राहिले नाहीत. बस आली. मी चढले. मागच्या काचेतून पाहिलं तर ते वावराकडे चालायला लागले होते, आणि अजून बराच उजेड होता, म्हणजे त्यांना आणखी दोन ओळी खणता आल्या असत्या.